कारागृहातली गर्दी जिल्ह्याच्या पातळीवर कशी कमी करावी

२०२२ च्या अखेरीस देशातल्या १,३३० कारागृहांची मिळून क्षमता होती ४,३६,२६६ आणि आत होते ५,७३,२२० बंदी. त्यांतले ४,३४,३०२ न्यायाधीन, म्हणजे खटला अजून संपलेला नाही असे, बोलीत कच्चे कैदी. क्षमता आणि न्यायाधीन बंदी हे दोन आकडे शेजारी ठेवले की कळते, शिक्षा झालेला एकही माणूस आत नसता तरी देशातली कारागृहे जवळपास भरलेलीच असती.

गर्दीची बातमी आली की पहिली मागणी नव्या कारागृहाची होते. जागा, आराखडा, निविदा, बांधकाम, मग पदनिर्मिती यांत वर्षे जातात, आणि दार उघडेपर्यंत नवी इमारतही अपुरी पडते. याचे कारण साध्या गुणाकारात आहे. आतली संख्या म्हणजे रोज येणारे बंदी गुणिले प्रत्येकाच्या मुक्कामाचे सरासरी दिवस. रोज २० जण येत असतील आणि सरासरी ९० दिवस राहत असतील तर आत १,८०० माणसे राहणार. मुक्काम ७५ दिवसांवर आणला की तेच कारागृह १,५०० वर येते. तीनशे जागा मोकळ्या झाल्या आणि एक वीटही लागली नाही. पुढची कार्यपद्धती या दिवसांवर आहे. ती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे (गरिबांना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या यंत्रणेचे) सचिव, कारागृह अधीक्षक, विधी स्वयंसेवक, परिवीक्षा (प्रोबेशन) अधिकारी आणि कारागृहात काम करणाऱ्या संस्था यांच्यासाठी लिहिली आहे. महाराष्ट्रातली कागदपत्रे आणि पदे डोळ्यांसमोर आहेत, पण कायदा देशभर एकच आहे.

आधी यादी नीट करा

क्षमतेचा आकडा दोन प्रकारे काढा. एक, मंजूर क्षमता. दोन, बराकीचे प्रत्यक्ष क्षेत्रफळ भागिले ३.७१ चौरस मीटर. २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीत बराकीत एका बंद्यासाठी एवढी जागा धरली आहे, म्हणजे सुमारे ४० चौरस फूट. दुपटीने भरलेल्या बराकीत ती २० चौरस फुटांवर येते: एक सतरंजी आणि उशाला पिशवी. दुरुस्तीसाठी बंद ठेवलेली बराक क्षमतेतून वजा करा, महिला विभाग वेगळा मोजा. पूर्ण कारागृहाची सरासरी १३० टक्के दिसत असताना एखादी बराक २५० टक्क्यांवर असते. आर्थर रोडची मंजूर क्षमता वर्षानुवर्षे ८०४ धरली गेली आणि आत तिच्या तिप्पट-चौपट माणसे राहिली, तिथे सरासरीला फारसा अर्थ उरत नाही.

मग ई-प्रिझन्स या कारागृहांच्या संगणकीय नोंदप्रणालीतून न्यायाधीन बंद्यांची यादी काढा. ती एका बंद्याला एक ओळ अशी येते. ती एका गुन्ह्याला एक ओळ अशी फिरवून घ्या, कारण सुटका गुन्हागणिक अडते. प्रत्येक ओळीत हवे ते असे: बंदी क्रमांक, पोलीस ठाणे आणि गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर), न्यायालय, खटल्याचा सीएनआर क्रमांक (ई-कोर्ट्समधला खटल्याचा स्वतंत्र क्रमांक), त्या गुन्ह्यात अटकेची तारीख, सगळी कलमे, सगळ्यांत कडक कलमाची कमाल शिक्षा, दोषारोपपत्राची तारीख, जामीन आदेशाची तारीख आणि अटी, पूर्वीची दोषसिद्धी आहे का, वकील कोण, न्यायालयापुढे शेवटचे हजर केल्याची तारीख.

चुका ठरावीक ठिकाणी होतात. कस्टडी वॉरंटवर पाच कलमे असतात, संगणकात पहिलेच भरले जाते आणि शिक्षेचा हिशेब तिथेच बिघडतो. एकाच माणसाचे नाव दोन पोलीस ठाण्यांनी दोन तऱ्हेने लिहिलेले असते, त्यामुळे एका गुन्ह्यातला जामीन दुसऱ्या नोंदीशी जुळत नाही. दुसऱ्या जिल्ह्याचे प्रॉडक्शन वॉरंट (बंद्याला तिथल्या न्यायालयात हजर करण्याचा आदेश) आलेले असते, पण त्या गुन्ह्यात रीतसर अटक दाखवलेली नसते. अशा माणसाचे आतले दिवस त्या गुन्ह्यात धरले जाणार नाहीत असा वाद हमखास निघतो, म्हणून वॉरंट आल्याबरोबर बंदी त्या गुन्ह्यात वर्ग करण्याचा आणि अटक नोंदवण्याचा पाठपुरावा करा. यादी तयार झाली की ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर सीएनआर क्रमांकाने प्रत्येक ओळ पडताळा. जामीन आदेश संकेतस्थळावर चढलेला आहे आणि कारागृहाला त्याचा पत्ताच नाही, अशा नोंदी पहिल्याच फेरीत सापडतात.

जामीन झाला, सुटका नाही

या गटापासून सुरुवात करा. इथे न्यायालयाने माणसाला सोडायचे ठरवलेले आहे, अडलेय ते कागदावर आणि पैशावर.

सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात याचे वेळापत्रकच घालून दिले आहे. जामीन आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने कारागृह अधीक्षकामार्फत बंद्याला मिळाली पाहिजे. अधीक्षकाने आदेशाची तारीख ई-प्रिझन्समध्ये भरायची. सात दिवसांत सुटका झाली नाही तर त्याने विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचे. सचिवांनी विधी स्वयंसेवक किंवा कारागृहाला भेट देणारा वकील पाठवून कारण शोधायचे, आणि गरज असेल तर परिवीक्षा अधिकारी किंवा स्वयंसेवकाकडून बंद्याच्या आर्थिक स्थितीचा अहवाल करून अटी शिथिल करण्यासाठी तो न्यायालयापुढे ठेवायचा. बाहेर आल्यावर जामीनदार देतो असे बंदी म्हणत असेल तर न्यायालय तात्पुरता जामीन देण्याचा विचार करू शकते. महिन्याभरात बंधपत्र दिले गेले नाही तर न्यायालय स्वतःहून अटींचा फेरविचार करू शकते. स्थानिकच जामीनदार हवा ही अट घालू नये, हेही त्याच आदेशात आहे. तसे ही शेवटची गोष्ट १९७८ च्या मोतीराम प्रकरणातच सांगून झाली होती. एका गवंड्याकडून दहा हजारांचा जामीन मागितला गेला होता आणि परजिल्ह्यातला म्हणून त्याच्या भावाचा जामीन नाकारला होता. न्यायालयाच्या टेबलावर आजही 'जामीनदार इथलाच का?' हाच प्रश्न विचारला जातो.

प्रत्यक्षात सात दिवसांची सूचना यंत्रणेतून आपोआप येईल यावर विसंबू नका. दर सोमवारी यादीतून 'जामीन आदेश आहे, सात दिवस झाले, बंदी आत आहे' एवढ्या ओळी गाळून घ्या आणि प्रत्येक बंद्याला भेटून कारण नोंदवा. कारणे पाच-सहाच निघतात.

आदेशच माहीत नाही. यावर प्रत नेऊन देणे एवढाच उपाय आहे.

जामीनदार आहे, कागद पुरे नाहीत. न्यायालयात रेशनकार्ड, आधार, फोटो आणि पगारपत्रक, घरपट्टीची पावती किंवा सातबारा यांपैकी काही मागतात. अनेक ठिकाणी तहसीलदाराचा ऐपतीचा दाखलाही लागतो. ऐपतीच्या दाखल्याला आठवडे लागतात. म्हणून त्याच्या मागे लागण्याआधी तात्पुरत्या रोख जामिनाचा अर्ज करा: ठरावीक मुदतीसाठी रक्कम भरून सुटका आणि त्या मुदतीत जामीनदार. मुदत संपण्याची तारीख टिपून ठेवा. जामीनदार वेळेत दिला नाही तर वॉरंट निघते आणि माणूस परत आत येतो.

जामीनदारच नाही. स्थलांतरित मजूर, घरच्यांनी संबंध तोडलेले, फुटपाथवर राहणारे यांत येतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम ४८४ नुसार बंधपत्राची रक्कम अवाजवी असू नये, आणि कलम ४९० नुसार जामीनदाराऐवजी रोख रक्कम ठेवण्याची परवानगी न्यायालय देऊ शकते. गुन्हा जामीनपात्र असेल तर आणखी सोपे आहे: अटकेपासून आठवड्यात जामीन देता आला नाही तर कलम ४७८ नुसार तो माणूस निर्धन समजायचा आणि जामीनदाराशिवाय बंधपत्रावर सोडायचा.

पैसे नाहीत. केंद्राची गरीब बंदी साहाय्य योजना २०२३ पासून आहे. मूळ मार्गदर्शक सूचनांत न्यायाधीन बंद्याला जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत आणि सिद्धदोष (शिक्षा झालेल्या) बंद्याला दंड भरण्यासाठी २५,००० रुपयांपर्यंत मदत ठरवली होती. अर्जाआधी रकमेबद्दलचे ताजे परिपत्रक पाहा. निर्णय जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीत होतो. त्यात विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव, पोलीस अधीक्षक, कारागृह अधीक्षक आणि त्या कारागृहाचे प्रभारी न्यायाधीश असतात. भ्रष्टाचार प्रतिबंध, मनी लाँडरिंग, अमली पदार्थ आणि बेकायदा कृत्ये प्रतिबंध या कायद्यांतल्या आरोपींना ही मदत नाही.

योजनेतला पैसा पडून राहण्याचे एक कारण ध्यानात ठेवण्यासारखे आहे. योजना रोख रक्कम न्यायालयात ठेवते, जामीन आदेशात मात्र 'पंधरा हजारांचा एक जामीनदार' लिहिलेले असते. रोख मागितलेलीच नाही, तर समिती भरणार काय? म्हणून क्रम उलटा करू नका. आधी कलम ४९० खाली अर्ज करून जामीनदाराची अट रोख रकमेत बदलून घ्या, मग तो आदेश जोडून समितीकडे जा. समिती दोन-तीन आठवड्यांनी बसावी अशी अपेक्षा आहे. बैठकच लागत नसेल तर सचिवांनी फाइल फिरवून सह्या घ्याव्यात.

दुसरा गुन्हा शिल्लक आहे. चोरीच्या सात गुन्ह्यांत सात जामीनदार कुठून आणायचे? २२ ऑगस्ट २०२४ ला गिरीश गांधी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वेगवेगळ्या राज्यांतल्या अनेक गुन्ह्यांसाठी राज्यागणिक तेच जामीनदार चालतील असे ठरवले. हा निकाल प्रत्येक अर्जाला जोडा.

शेवटचे कारण यादीवरून कधीच दिसत नाही: बंदी मुद्दामच जामीन भरत नाही. एका मोठ्या गुन्ह्यात जामीन मिळालेला नाही, छोट्या गुन्ह्यात मिळाला आहे. छोट्या गुन्ह्यात कागदावर कोठडी चालू राहिली तर कलम ४६८ खाली ते दिवस पुढे शिक्षेतून वजा होतात, म्हणून वकीलच थांबायला सांगतात. हिशेब रास्त आहे. अशा बंद्याचा छोटा जामीन उत्साहाने भरून टाकाल तर त्याचे नुकसान कराल आणि बराकीतली जागाही मोकळी होणार नाही. विचारल्याशिवाय कोणाचाही जामीन भरू नका.

या सगळ्यातून पार पडल्यावर उरतो दारावरचा वेळ. सुटकेचे आदेश ठरावीक वेळी कारागृहाच्या दारावरच्या पेटीतून काढण्याची पद्धत जिथे आहे तिथे अर्ध्या तासाने उशिरा आलेला कागद रात्रभर पेटीत पडतो आणि माणूस रात्रभर बराकीत. न्यायालयाच्या लिपिकाकडून आदेश दुपारी किती वाजता निघतात ते पाहा आणि पेटी उघडण्याची शेवटची वेळ त्यानुसार बदलून घ्या. अधीक्षकाच्या एका आदेशाने हे होते.

कलम ४७९: दिवस मोजायचे कसे

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलम ४३६-अ च्या जागी नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७९ आले. कमाल शिक्षेच्या निम्मा काळ कोठडीत गेला तर जामीन, आणि पूर्वी कधीच दोषी ठरलेला नसेल तर एक तृतीयांश काळानंतर सुटका. ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप हीदेखील एक शिक्षा आहे, तिथे हे लागू नाही. २३ ऑगस्ट २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की १ जुलैपूर्वी नोंदलेल्या गुन्ह्यांतल्या बंद्यांनाही याचा लाभ द्यायचा. म्हणून जुनी भारतीय दंड संहितेची प्रकरणे वगळू नका.

मोजणी त्या गुन्ह्यातल्या अटकेपासून करा, पोलीस कोठडीचे दिवसही धरा. अंतरिम जामिनावर बाहेर काढलेले दिवस वजा करा. आरोपीने स्वतः खटला लांबवल्याचे दिवस कायद्याने वगळले जातात. त्यासाठी रोजनामा, म्हणजे न्यायालयाची तारीखवार नोंद, वाचावा लागतो. कैदी पार्टी (बंद्याला न्यायालयात नेणारी पोलिसांची तुकडी) न मिळाल्यामुळे बंदी हजर झाला नाही, ती तारीख 'आरोपी गैरहजर' अशी नोंदली जाते आणि पुढे त्याच्याच नावावर खपते. हजेरीच्या नोंदी कारागृहाकडून घेऊन अर्जाला जोडल्या की हा मुद्दा मोडतो.

साधी चोरी, भारतीय न्याय संहितेचे (जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या कायद्याचे) कलम ३०३(२): कमाल तीन वर्षे. पहिल्यांदाच आलेला असेल तर एक वर्ष, नाहीतर दीड. राहत्या घरातली चोरी, कलम ३०५: सात वर्षे, म्हणजे दोन वर्षे चार महिने किंवा साडेतीन वर्षे. आता रात्रीची घरफोडी पाहा, कलम ३३१(४), जुने ४५७. चोरीसाठी केली असेल तर कमाल चौदा वर्षे. एक तृतीयांश म्हणजे चार वर्षे आठ महिने, निम्मे सात वर्षे. एवढा काळ वाट पाहण्यात अर्थ नाही. या बंद्यांना ४७९ च्या यादीत अडकवून ठेवू नका, त्यांच्यासाठी पुढची दोन कलमे आहेत.

पहिल्यांदाच आलेल्यासाठी कायद्याचे शब्द नीट वाचा. निम्म्या काळाच्या नियमात 'जामिनावर' सोडायचे आहे, एक तृतीयांशच्या परंतुकात 'बंधपत्रावर'. संहितेच्या व्याख्येत बंधपत्र म्हणजे जामीनदाराशिवाय. अर्जात ही मागणी ठळक करा, नाहीतर सवयीने जामीनदार मागितला जाईल आणि तोच माणूस वरच्या गटात जाऊन अडकेल.

'पहिल्यांदाच' याचा अर्थ पूर्वी दोषसिद्धी नाही, एवढाच. पोलिसांच्या अहवालात 'सराईत' लिहिलेले असते आणि खाली सगळे प्रलंबित गुन्हे. त्यांमुळे तो पूर्वदोषी ठरत नाही. मात्र पोटकलम २ वेगळे आडवे येते: एकाहून जास्त गुन्हे किंवा प्रकरणे प्रलंबित असतील तर या कलमाखाली जामीन नाही. एकाच प्राथमिकीत (एफआयआरमध्ये) दोन कलमे आहेत म्हणूनही सरकारी पक्ष हा आक्षेप घेऊ शकतो. अर्जात कलम ४७९ बरोबर नेहमीच्या जामिनाची मागणीही त्याच वेळी घाला, म्हणजे एका मुद्द्यावर अर्ज पडला तरी हात रिकामे राहत नाहीत.

अर्ज करण्याची जबाबदारी पोटकलम ३ ने अधीक्षकावर टाकली आहे. मुदत पूर्ण होताच त्याने लेखी अर्ज करायचा. बहुतेक कारागृहांत हे काम एका शिपायाच्या भरवशावर असते. यादीत 'एक तृतीयांशची तारीख' आणि 'निम्म्याची तारीख' असे दोन रकाने घाला, पुढच्या ३० दिवसांत येणाऱ्या तारखा दर महिन्याला काढा आणि अर्ज आधीच टंकून ठेवा.

६० दिवसांची दोन कलमे

तपास मुदतीत पूर्ण होऊन दोषारोपपत्र आले नाही तर कलम १८७(३) खाली जामिनाचा हक्क मिळतो: गंभीर गुन्ह्यांत ९० दिवसांनी, इतरांत ६० दिवसांनी. अमली पदार्थांच्या व्यापारी प्रमाणाच्या गुन्ह्यांत १८० दिवस. पहिल्या रिमांडचा दिवस मोजणीत धरायचा, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये ठरवून दिले. हा हक्क मागितला तरच मिळतो, आणि दोषारोपपत्र दाखल होण्याआधी मागितला तरच. दुपारी तीनला पोलिसांनी कागद दाखल केले आणि तुमचा अर्ज चारला गेला, तर हक्क संपला. म्हणून मुदत उलटल्याच्या सकाळी न्यायालय उघडताना अर्ज आत गेला पाहिजे, त्यावर वेळेचा शिक्का घेतला पाहिजे. ६० की ९० अशी शंका असेल तर ६१ व्या दिवशी अर्ज टाकाच.

दुसरे कलम ४८०(६) फारसे कोणी वापरत नाही. दंडाधिकाऱ्यापुढे चालणाऱ्या अजामीनपात्र गुन्ह्यात पुराव्यासाठी नेमलेल्या पहिल्या तारखेपासून ६० दिवसांत खटला संपला नाही आणि आरोपी तेवढा काळ कोठडीत होता, तर जामीन द्यायचा, नाहीतर कारणे लिहायची. रात्रीची घरफोडी दंडाधिकाऱ्यापुढेच चालते. चौदा वर्षांच्या शिक्षेमुळे ४७९ खाली वर्षानुवर्षे न बसणारा बंदी इथे दोन महिन्यांत बसतो. 'पुराव्यासाठी पहिली तारीख' रोजनाम्यातून काढून यादीत भरा. ती माहिती ई-प्रिझन्समध्ये सापडणार नाही.

समितीची बैठक

प्रत्येक जिल्ह्यात न्यायाधीन बंदी पुनर्विलोकन समिती आहे. अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश, सदस्य जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव आणि कारागृह अधीक्षक. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०१८ च्या कार्यपद्धतीत समितीने तपासायचे बंद्यांचे चौदा प्रकार आहेत. वर आलेल्यांखेरीज त्यांत तडजोडपात्र गुन्हे, दोन वर्षांपर्यंत शिक्षेचे गुन्हे, प्रतिबंधक कारवाईत अडकलेले, स्त्रिया, आजारी, मनोरुग्ण आणि १९ ते २१ वयाचे पहिल्यांदाच आलेले तरुण येतात.

समितीची शिफारस म्हणजे आदेश नव्हे, हे इथले दुखणे. बैठकीत १२० नावांची शिफारस होते, इतिवृत्त महिन्याने निघते, आणि त्या नावांचे अर्ज कोणी करायचे हे ठरलेलेच नसते. बैठकीआधी सात दिवस यादी सगळ्यांना द्या. प्रत्येक नावापुढे कलम, वकिलाचे नाव आणि अर्जाची तारीख लिहूनच बैठक उठू द्या. इतिवृत्ताची वाट न पाहता शिफारशीचा उतारा त्याच दिवशी त्या त्या न्यायालयात जाऊ द्या. पुढच्या बैठकीचा पहिला विषय एकच ठेवा: मागच्या नावांपैकी किती जण दाराबाहेर गेले.

दारावर येणारी संख्या

सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत अटक सरसकट करायची नाही, कलम ३५(३) ची नोटीस द्यायची, अटक केलीच तर कारणांची यादी दंडाधिकाऱ्यापुढे ठेवायची. २०१४ च्या अर्नेश कुमार निकालापासून हे ठरलेले आहे. ते पाळले जाते का, हे कारागृहाच्या आवक नोंदवहीवरून कळते. गेल्या तीन महिन्यांच्या नोंदी घ्या, सात वर्षांखालच्या गुन्ह्यांचे बंदी पोलीस ठाणेनिहाय मोजा आणि तक्ता समितीत पोलीस अधीक्षकांपुढे ठेवा. दोन-तीन ठाणी उठून दिसतात. बोलणे त्यांच्यापुरते होते, आणि सर्वसाधारण परिपत्रकापेक्षा त्याचा उपयोग जास्त.

तसाच तक्ता प्रतिबंधक कारवाईचा: कलम १२६, १२८, १२९ आणि १७०, जुन्या क्रमांकांत १०७, १०९, ११० आणि १५१. हे आदेश कार्यकारी दंडाधिकारी देतात, म्हणून उत्तर जिल्हाधिकाऱ्यांकडून हवे. सण आणि निवडणुका जवळ आल्या की ही संख्या फुगते. चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्राला रोख रकमेचा पर्याय लागू नाही, म्हणून तिथे बंधपत्राची रक्कम कमी करून घेणे हाच मार्ग.

रिमांडच्या वेळी वकील उभा असणे याला पर्याय नाही. न्यायालयागणिक रिमांड वकिलाची नेमणूक आणि सुटीच्या दिवसाची पाळी सचिवांनी महिन्याच्या सुरुवातीलाच लावावी.

जे उपाय दिसतात तेवढे चालत नाहीत

बंद्यांना कमी भरलेल्या कारागृहात हलवले की आकडा सुधारतो, मुक्काम वाढतो. न्यायालय लांब जाते, कैदी पार्टी मिळत नाही, मुलाखतीला घरचे येऊ शकत नाहीत आणि जामीनदार शोधणारेही कोणी उरत नाही. हलवायचेच तर सिद्धदोष बंद्यांना हलवा.

खुली कारागृहे उत्तम, पण ती शिक्षा झालेल्यांसाठी. आटपाडीजवळचे स्वतंत्रपूर औंध संस्थानात १९३९ मध्ये सुरू झाले आणि अजून चालते. एवढ्या जुन्या प्रयोगाची वाढ का झाली नाही हा वेगळा विषय आहे. न्यायाधीन बंद्यांच्या गर्दीवर त्याचा परिणाम थोडाच.

कारागृहातली लोकअदालत जपून वापरा. 'भोगली तेवढीच शिक्षा' घेऊन गुन्हा कबूल केला की माणूस संध्याकाळी घरी जातो. पण त्याच्या नावावर दोषसिद्धी लागते, आणि पुढच्या वेळी एक तृतीयांशचा लाभ गेलेला असतो. कबुलीआधी वकिलाने हे त्याला त्याच्या भाषेत सांगितले पाहिजे.

२०२० मध्ये कोविडमुळे उच्चाधिकार समित्या नेमून हजारो बंद्यांना तात्पुरते सोडण्यात आले. कारागृहे मोकळी झाली आणि पुन्हा भरली, कारण आवक आणि मुक्काम दोन्ही जुन्या पद्धतीवर परतले.

सुटल्यानंतरची तारीख

सुटलेला माणूस तारखेला गैरहजर राहिला की अजामीनपात्र वॉरंट निघते, बंधपत्र जप्त होते आणि दुसरा जामीन पहिल्यापेक्षा महाग पडतो. बहुतेकांना पळून जायचे नसते. पुढची तारीख कोणती, कोणत्या इमारतीत, हेच ठाऊक नसते. सुटकेच्या वेळी दारावर चिठ्ठी द्या: न्यायालयाचे नाव, दालन क्रमांक, खटला क्रमांक, पुढची तारीख, वकिलाचा दूरध्वनी, आणि हजर राहता येत नसेल तर वकिलामार्फत आधीच अर्ज करायचा ही सूचना. चिठ्ठी बंद्याला वाचता येईल अशा भाषेत लिहा. वाचता येत नसेल तर घेऊन जायला आलेल्याला समजावून सांगा. घरच्यांपैकी एकाचा क्रमांक घेऊन ठेवा आणि तारखेच्या दोन दिवस आधी विधी स्वयंसेवकाने फोन करावा. तारीख बदलली तर त्याच संध्याकाळी नवी तारीख कळवावी.